बिनशिडाची पहिली होडी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी ३१ वर्षे इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधण्याचा पगार घेत होतो. ओतलेले कास्टिंग बिघडले की दोष शेवटी पॅटर्नपर्यंत, म्हणजे ज्या लाकडी नमुन्यावरून साचा घेतात त्याच्यापर्यंत, जाऊन पोहोचायचा, आणि पॅटर्न म्हणजे आमचे मजगावचे मिस्त्री. सागवानाच्या ठोकळ्यातून पंपाची बॉडी किंवा व्हॉल्व्हचे झाकण जसेच्या तसे काढणारा हा माणूस; आणि त्यांचे पॅटर्न अर्ध्या मिलिमीटरच्या फरकासाठी परत पाठवणारा (किंवा फरक चालवून घ्यायचा असला तर ‘डेव्हिएशन’च्या कागदावर सही करणारा) मी. आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर मला लाकडी जहाजाचे छोटे मॉडेल करण्याची हौस लागली, तेव्हा सल्ला विचारण्यासारखा माणूस गावात एकच होता आणि त्याच्याकडे जायला मला सर्वांत जास्त संकोच वाटत होता.

बेळगावच्या माणसाला जहाजाचे काय, असे घरच्यांनी विचारले आणि ते चूक नव्हते. आमचा समुद्र घाटाखाली. चोर्ला किंवा आंबोली उतरल्याशिवाय तो दिसत नाही, आणि दिसतो तोही बहुधा मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, दोन दिवस. अशाच एका सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावर एक जुना लाकडी मचवा वर ओढून ठेवलेला होता आणि एक म्हातारा त्याच्या फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात पटाशीसारख्या बोथट लोखंडाने ठोकून बसवत होता. सवयीने मी त्या सांध्यावरून बोट फिरवले. बाहेरून पाहता फळ्या सरळ वाटत होत्या. बोटाला मात्र कळले की त्यांतली एकही फळी दोन्ही टोकांना सारख्या रुंदीची नाही. मधे रुंद, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती, आणि हे निमुळतेपण प्रत्येक फळीत थोडे वेगळे. हे माणसाने ठरवले कसे असेल, या प्रश्नाने माझा पुढचा दिवस खाल्ला. हौस तिथून सुरू झाली. जहाजाच्या शिडांनी मला कधीच भुरळ घातली नव्हती, आणि तरीही किट (मॉडेलच्या सुट्या भागांचे खोके) निवडायला बसल्यावर मी सर्वांत आधी शिडेच पाहिली, ही गंमत आहे.

कारण खोक्यावर शिडेच असतात. लाकडी जहाजांचे किट बनवणाऱ्या जुन्या कंपन्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या: स्पेनच्या आर्टेसानिया लातिना आणि ऑक्रे, इटलीची अमाती, डेन्मार्कची बिलिंग बोट्स, अमेरिकेची मॉडेल शिपवेज, इंग्लंडची कॅल्डरक्राफ्ट. यांच्या याद्या मी महिनाभर रात्री फोनवर वाचल्या आणि प्रत्येक वेळी येऊन थांबलो ते ‘व्हिक्टरी’वर. ट्रॅफल्गारच्या १८०५ च्या लढाईत नेल्सन जिच्यावर पडला ती ही नौका. १७६५ मध्ये चॅटमला पाण्यात उतरलेली आणि १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत उभी असलेली. तीन डोलकाठ्या, १०४ तोफा, पिवळे-काळे पट्टे. खोक्यावरचा तो फोटो मी छापून घेतला, नीट घडी घातली आणि एका रविवारी सकाळी मजगावला मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी चष्मा लावून फोटो पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, “चित्र ब्येस हाय साहेब, खरं ड्रॉइंग कुठं हाय?”

(आमच्याकडचे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या पाहुण्यांना हे दरवेळी सांगावे लागते.)

मी जन्मभर ड्रॉइंगवर काम केलेला माणूस चित्र घेऊन आलो होतो. वाक्य एवढेच होते, पण लागायचे तिथे लागले. घरी येऊन मी कंपन्यांची सूचनापुस्तके शोधू लागलो आणि असे कळले की बऱ्याच किटांची पुस्तके किंवा नकाशे कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर पाहायला ठेवतात. ती किट विकत घेण्याआधी अथपासून इतिपर्यंत वाचता येतात. पहिले किट निवडणाऱ्याला मी सर्वांत आधी हेच करायला सांगेन. पुस्तकातली जी पायरी वाचून हाताला काय करायचे ते कळत नाही, ती पायरी लाकूड पुढ्यात आल्यावर आपोआप कळेल, अशी आशा धरू नये. काही पुस्तकांत मजकूर जवळजवळ नसतोच, फोटो असतात. काहींत मजकूर असतो पण तो एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत असा आलेला असतो की सीमाभागात दोन-तीन भाषांत वाढलेल्या आमच्यासारख्यालाही त्यातून वाट सापडू नये.

व्हिक्टरीच्या बाबतीत मी मग कारखान्यात करायचो तसा कामाचा अंदाज काढला. १०४ तोफा, खालच्या मजल्यांवरच्या बऱ्याच तोफांची मॉडेलमध्ये फक्त नळी दाखवली तरी वरच्या उघड्या डेकवरच्यांना गाडा, गाड्याला चार चाके आणि दोन्ही बाजूंना दोर हवेत. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे, म्हणजे नखाएवढे हजारो तुकडे एकेक करून चिकटवणे. मूळ जहाजावर सुमारे २६ मैल दोर होता असे सांगतात. मॉडेलवर तो अर्थात एवढा नसतो, पण खलाशी ज्या दोरांच्या शिड्यांवरून वर चढत त्यांच्या पायऱ्यांची प्रत्येक गाठ आपणच मारायची असते आणि अशा गाठी हजारांनी असतात. १:७२ प्रमाणातले हे जहाज टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ १.४ मीटर भरते. हे माप मी टेपने दिवाणखान्यात धरून दाखवले तेव्हा हिने एकच प्रश्न विचारला, “मग टीव्ही काढालाय काय?” जागेचा विचार किट निवडताना कोणीच आधी करत नाही. जहाज पुरे झाले की त्याला काचेची पेटी लागते, पेटी जहाजाहून मोठी असते, आणि पेटी नसेल तर दोरांवर बसलेली धूळ काढण्याचा उपाय अजून तरी मला माहीत नाही.

पण व्हिक्टरी मी सोडली ती आकारामुळे नव्हे. एकच काम शंभर वेळा करायचे असेल तर ते पहिल्या दहा वेळा शिकण्याचे असते आणि पुढच्या नव्वद वेळा सहन करण्याचे. ज्या माणसाला ते काम आवडते की नाही हेच अजून माहीत नाही, त्याने शंभरांची मागणी नोंदवणे म्हणजे सॅम्पल पास होण्याआधी पूर्ण लॉट ओतून टाकणे. आमच्या धंद्यात असे करणाऱ्याला घरी बसवत असत.

यानंतर मी शिडे आणि तोफा बाजूला ठेवून फक्त एका गोष्टीकडे पाहू लागलो: जहाजाचे अंग, म्हणजे पाण्यात बसणारे धड, किटमध्ये कसे घडवायचे आहे. ढोबळ मानाने त्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात लाकडाचा घन ठोकळा यंत्रावर जवळपास आकाराला आणलेला मिळतो आणि आपण साचे लावून, घासून त्याला अंतिम आकार द्यायचा. दुसऱ्यात मधोमध प्लायवूडचा एक कणा असतो, त्यात ठराविक अंतरावर आडवे पट्ट बसवायचे, ज्यांना बल्कहेड म्हणतात, आणि त्यांवरून पातळ फळ्या ओढायच्या. तिसऱ्यात खऱ्या जहाजाप्रमाणे प्रत्येक बरगडी वेगळी घडवायची असते. तो मार्ग वर्षानुवर्षांचा आहे आणि पहिल्या किटच्या गोष्टीत त्याचे काम नाही. मिस्त्रींना पहिला मार्ग ताबडतोब पसंत पडला. “हे तर पॅटर्नच,” ते म्हणाले, “साचा लावायचा, घासायचं, परत लावायचं.” त्यांचे बरोबर होते, आणि ज्याच्या हातात रंधा-पटाशी बसलेली आहे त्याने ठोकळ्याचे किट खुशाल घ्यावे. माझ्या मनात मात्र मालवणची ती निमुळती फळी होती. मला फळ्याच ओढायच्या होत्या.

फळ्यांच्या किटांतही पुन्हा दोन जाती आहेत. एकात फळ्यांचा एकच थर असतो. दुसऱ्यात आधी लाइमवूडसारख्या मऊ लाकडाच्या साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या फळ्यांचा थर, तो घासून आणि लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करायचा, आणि त्यावर अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या अक्रोडासारख्या लाकडाच्या पट्ट्यांचा दुसरा थर. नवशिक्याने दोन थरांचेच किट घ्यावे, पहिल्या थरातल्या चुका दुसऱ्याखाली झाकल्या जातात, असा सल्ला जवळजवळ सगळीकडे मिळतो. तो अर्धाच खरा आहे. लांबी भेग झाकते, आकार झाकत नाही. पहिल्या थराला जिथे पोट आले किंवा खळगा पडला, तिथे दुसरा थरही तसाच पोट धरून किंवा खळगा पडून बसतो, आणि वर वॉर्निश चढले की तोच भाग उजेडात अधिक चमकतो. रंग दिलेल्या पॅटर्नवर तिरपा टॉर्च मारून असे खळगे शोधण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. मी सांगतो यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फळी निमुळती का करावी लागते, हे कागदावर आकडे मांडल्याशिवाय नीट उमगत नाही. समजा जहाजाच्या मध्यावर बल्कहेडची कड वरपासून कण्यापर्यंत ९० मिलिमीटर भरते आणि आपल्या फळ्या ५ मिलिमीटर रुंद आहेत. म्हणजे तिथे १८ फळ्या बसतील. तीच कड नाळेजवळ मोजली तर ५४ मिलिमीटर भरते. फळ्या त्याच १८, तेव्हा नाळेशी प्रत्येकीला ३ मिलिमीटरच जागा आहे. म्हणजे प्रत्येक फळी मध्यापासून पुढे ५ वरून ३ वर उतरवायची. मागच्या बाजूला कड ९९ मिलिमीटर झाली तर उलटी पंचाईत: फळ्या पुरत नाहीत आणि मधे पाचरीसारखा जादा तुकडा बसवावा लागतो. हे मोजमाप न करता पूर्ण रुंदीची फळी जोर लावून नाळेकडे वळवली, तर ती एकतर वर उचलली जाते किंवा शेजारणीवर चढते, आणि पाच-सहा फळ्यांनंतर सगळे अंग पिळल्यासारखे दिसू लागते. बाजारात किट स्वस्त की महाग यावरून यातले काही कळत नाही. खोक्यावरच्या ‘नवशिक्यांसाठी’ या शिक्क्यावरूनही फारसे कळत नाही.

कारण हा शिक्का बहुधा डोलकाठ्या मोजून मारलेला असतो. एक डोलकाठी असेल तर सोपे, तीन असतील तर कठीण. दोर आणि शिडांपुरते ते ठीक आहे. अंगाच्या बाबतीत गणित वेगळे आहे. ज्या नौकेची नाळ टोकदार आणि लांबट असते तिच्या फळ्या हलक्या वळणाने पुढे जातात. जिची नाळ गोल, गालफुगी असते तिच्या फळ्यांना थोड्या जागेत जवळजवळ काटकोनात वळावे लागते, मग ती नौका केवढीही लहान आणि एका डोलकाठीची का असेना. उलट आकार जितका लहान तितके वळण अधिक आवळलेले, आणि पाण्यात भिजवून, उष्णता देऊन वाकवलेली फळीसुद्धा तिथे कट्कन तुटते. मी तीन-चार ‘सोप्या’ किटांचे नकाशे वरून पाहिले आणि नाळेचा गोलवा पाहून बाजूला ठेवले.

प्रमाणाचाही विचार याच अंगाने झाला. १:९८ प्रमाणात १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस पावणेदोन सेंटीमीटरांपेक्षा किंचित कमी उरतो आणि बोटभर जाडीचा दोर शिवणाच्या दोऱ्याएवढा होतो. १:६४ ला तोच माणूस २.७ सेंटीमीटरांचा, आणि १:२४ ला ७ सेंटीमीटरांचा, म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याएवढा. साठीनंतरच्या डोळ्यांना आणि बोटांना कोणता मावळा पेलवेल हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या धंद्यातही प्रमाणाचा खेळ होताच, पण उलटा: बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आक्रसते म्हणून पॅटर्न मीटरला सुमारे १० मिलिमीटर मोठा करावा लागतो आणि त्यासाठी मिस्त्रींकडे मुद्दाम मोठी आखलेली वेगळी पट्टी असायची. ती पट्टी माझ्या साध्या पट्टीत मिसळली गेल्याने एकदा झालेला घोटाळा आम्ही दोघेही विसरलेलो नाही आणि त्यात चूक कोणाची, यावर आमचे एकमतही नाही.

आपल्याकडचे जहाज का नको, हा प्रश्न माझ्या मुलाने फोनवरून विचारला आणि तो मलाही टोचत होता. आंग्र्यांच्या आरमारातला, पुढे निघालेल्या टोकदार नाळेवरून तोफा डागणारा गुराब किंवा वल्ह्यांनी पळणारे गलबत यांचे चांगले किट मला शोधूनही मिळाले नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती सागवानाची आहे आणि आज २०० वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. खानापूरच्या रानातला सागवान जन्मभर पाहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटते ते सांगायला नको. पण गुराब करायचा तर किट नाही, म्हणजे नकाशापासून सगळे आपणच उभे करायचे; आणि ट्रिंकोमाली म्हणजे पुन्हा तीन डोलकाठ्या आणि तोफांच्या रांगा. अभिमानाच्या भरात मी व्हिक्टरीकडेच दुसऱ्या दाराने परत निघालो होतो.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. सीमाशुल्काच्या कोष्टकात मात्र ते आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ मध्ये ७० वर, आणि प्रमाणबद्ध मॉडेल त्याच मथळ्याखाली मोडतात. त्याखेरीज टपालखर्च आणि कर. म्हणजे बाहेरून मागवलेले किट घरात येईपर्यंत छापील किमतीच्या दुपटीजवळ जाते. निम्म्याहून कमी पैशांत तेच जहाज, तोच फोटो, वेगळ्या नावाचे खोके, असेही माल मिळतात. ती बहुधा कोणाच्या तरी नकाशांची चोरलेली नक्कल असते, लाकूड कसले असेल त्याचा भरवसा नसतो आणि एखादा तुकडा कमी निघाला तर विचारायला कोणी नसते. मी तिकडे गेलो नाही. यात तत्त्व किती आणि इन्स्पेक्टरचा संशयी स्वभाव किती, हे मी तपासलेले नाही.

शेवटी मी घेतले ते मॉडेल शिपवेजचे एक लहानसे किट: लॉवेल यांची ग्रँड बँक्स डोरी, प्रमाण १:२४. डेव्हिड अँट्शर्ल यांनी नवशिक्यांसाठी आखलेल्या तीन किटांच्या मालिकेतले हे पहिले. दुसरी नॉर्वेची शिडाची छोटी होडी आणि तिसरी शेवंड (लॉबस्टर) पकडणारी एका डोलकाठीची नाव, म्हणजे एकेक पायरी वर. डोरी ही सपाट तळाची, बाहेर कललेल्या कडांची वल्ह्यांची होडी. लॉवेलांचा होड्यांचा कारखाना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १७९३ मध्ये सुरू झाला. न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ समुद्रात कॉड पकडायला जाणाऱ्या मोठ्या शिडाच्या जहाजांवर अशा डोऱ्या, आतल्या बैठका काढून, पेल्यात पेला ठेवावा तशा एकात एक रचून नेत. तिथे पोहोचल्यावर एकेक पाण्यात सोडायची आणि दोन-दोन माणसांनी गळांची लांब दोरी टाकायला निघायचे. डोरीला तळ सपाट म्हणून बांधायला पाट पुरतो. बाजूच्या फळ्या मोजक्या, आधीच कापलेल्या, पण त्या एकीच्या कडेवर दुसरी चढवून बसवायच्या असल्याने प्रत्येक कडेला तिरपा उतार द्यावा लागतो. फळी म्हणजे काय, हे शिकायला एवढे पुरे होते.

पार्सल जूनमध्ये आले. कुरियरच्या मुलाने खोके हलवून पाहिले. आत काहीच नसल्यासारखे ते हलके होते. “इदराग एन ऐत्री?” त्याने विचारले, यात काय आहे. मी ऐटीत म्हणालो, “हडगु.” जहाज. त्याने खोक्यावरचे चित्र पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि सही घेता घेता मला दुरुस्त केले, “हडगु अल्लरी, दोणी.” जहाज नव्हे हो, होडी. घरातल्यांचे मत फारसे वेगळे नव्हते. नात म्हणाली, “आजोबा, ह्याला शीड कुठाय?”

बेळगावात पाऊस धरला की भिंतींपासून पापडांपर्यंत सगळे ओल धरते, आणि मी नेमके तेव्हाच काम सुरू केले. हे टाळता येण्यासारखे होते. पातळ लाकूड ओल धरून फुगते. त्या फुगलेल्या अवस्थेत जोडलेल्या फळ्या पुढे मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आक्रसतात आणि सांध्यांत केसाएवढ्या फटी उघडतात. माझ्या डोरीला अशा दोन फटी आहेत. आता मी लाकूड आठवडाभर वापरायच्या खोलीतच उघडे ठेवतो आणि चिकटवण्याचे मोठे काम दिवाळीनंतरवर ढकलतो. फेविकॉल पावसात वाळायला वेळ घेतो ही त्या मानाने गैरसोय नव्हे, उलट सोय. तुकडा सरकवून नीट करायला सवड मिळते. झटपट चिकटणारा गोंद मी एकाच सांध्याला वापरला आणि तिथे लाकडावर उठलेला पांढरा धुरकट डाग पॉलिश पेपरने घासूनही पूर्ण गेला नाही.

अवजारे विशेष लागली नाहीत. धारदार पाते, बारीक कानस, पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि हिच्या डब्यातून उचललेल्या केसांच्या क्लिपा. लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा काळ्या जळालेल्या असतात; त्या साफ करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि साफ करताना कड गोल झाली तर सांधा बसत नाही हे कळायला तिसरी. पहिली फळी मी कोमट पाण्यात भिजवली, कागदाखाली धरून इस्त्रीचे टोक हलकेच फिरवले, आणि ती नाळेकडच्या वळणावर चिमट्यांनी आवळून रात्रभर ठेवली. सकाळी चिमटे सोडले तेव्हा फळी तशीच वळलेली राहिली. ती हातात धरून मी अंगणात उजेडात बराच वेळ उभा होतो. शेजाऱ्यांनी काय झाले म्हणून विचारलेही.

दुसरी फळी चिरली. आसाच्या दिशेने, टोकापासून दोन इंच. किटमध्ये जादा तुकडा नव्हता. मिस्त्रींनी आपल्या सांदीकोपऱ्यातून हेदूचा एक पिवळसर तुकडा काढला, दोन वर्षे सुकलेला, रेषा इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत. तो रंध्याखाली घालत घालत त्यांनी कागदाच्या पुठ्ठ्याएवढा पातळ केला आणि चिरलेल्या फळीवरून मी नवी आखून कापली. माझ्या डोरीची उजवीकडची एक फळी त्यामुळे बाकीच्यांहून अंमळ पिवळी आहे. रंग देऊन ती झाकता आली असती. दिली नाही.

अडीच महिन्यांनी, गणपती झाल्यावर, डोरी पुरी झाली. वल्ही, आडव्या बैठका, कडेचे खुंटे, सगळे जागच्या जागी. वीतभरापेक्षा थोडी मोठी. टीव्ही काढावा लागला नाही. पुढचे किट आता मला माहीत आहे: कॅनडातल्या लुनेनबर्गला १९२१ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ब्लूनोज’, तिथल्या दहा सेंटच्या नाण्यावर जिचे चित्र असते ती दोन डोलकाठ्यांची कॉड पकडणारी नौका. तिची नाळ लांबट आहे, फळ्यांचा थर एकच आहे, आणि तिच्या डेकवर रचून ठेवलेल्या डोऱ्या मी आता फोटोत लांबूनही ओळखतो. ते सूचनापुस्तक मी छापून घेतले आहे. दिवाळीपर्यंत वाचून होईल.

डोरी दाखवायला मी मजगावला गेलो. मिस्त्रींनी ती हातात घेतली, उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला, नाळेच्या टोकापासून एक डोळा मिटून मागच्या टोकापर्यंत नजर टाकली. काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि व्हर्नियर घेऊन आले. मधल्या बैठकीजवळ मध्यरेषेपासून डावी कड मोजली, उजवी मोजली, पुन्हा डावी मोजली. तिसरी बरगडी बसवताना मी मध्यरेषा आखायचा कंटाळा केला होता, हे मला आठवत होते. त्यांना मी सांगितले नव्हते.

“दीड एमएम,” ते म्हणाले.

मी हिशोब केला. २४ ने गुणले तर खऱ्या होडीत ३६ मिलिमीटर. दीड इंचाला थोडेच कमी.

मिस्त्रींनी व्हर्नियर मिटवले, डोरी टेबलावर अलगद ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, “काय करायचं साहेब? रिजेक्ट मारायचं, का डेव्हिएशनवर सही करालासा?”